डावा कालवा

अवघड जागेचं दुखणं नि जावई डॉक्टर, म्हणतात.
मला जावई नाही. डॉक्टर निघाली बाई,
माझ्या धाकटीच्या वयाची, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं धरलेली.
"निवृत्ती बेंडकुळे, नाडी सोडा. भिंतीकडं बघा. खोका."
खोकलो.
तिच्या बोटाखाली, डाव्या जांघेत,
ते आलंच टपकन, लिंबाएवढं,
दोन वर्षं लंगोट आवळून
ज्याचा मी घरात पत्ता लागू दिला नव्हता.

"अंतर्गळ," ती म्हणाली.
गळ मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं गंगापूरच्या पाण्यात
फुगवलेल्या ट्यूबवर बसून टाकतोय.
पण हा आतूनच टाकलेला,
आणि आमिष माझं आतडं.

केसपेपरच्या पाठीवर तिनं निळ्या पेनानं पोट काढलं.
कातडी, चरबी, मग मांसाचे तीन थर:
पहिल्याचे धागे खिशात हात घालावा तसे उतरतात,
दुसऱ्याचे त्यांना छेदून वर,
तिसऱ्याचे आडवे, करदोट्यासारखे.
मधोमध दोन उभे पट्टे;
बेंबीखाली चार बोटांवर त्यांचं मागचं अस्तर संपतं.
का?
"तसंच असतं," म्हणाली.
सगळ्यात आत पडदा, कांद्याच्या पापुद्र्याइतका.

"आणि हा कालवा." चार सेंटिमीटर, तिरका.
आईच्या पोटात होतो तेव्हा
माझ्या गोट्या वर, मूत्रपिंडाशेजारी होत्या.
सातव्या महिन्यात निघाल्या भिंतीतून वाट काढत,
मागं रक्ताच्या नळ्या ओढत,
गळ तोडून गेलेला मासा दोरी ओढतो तशा.
त्या उतरल्या की दार लागायचं असतं.
कुणाचं लागतच नाही.
कुणाचं लागतं, पण भिंत झिजते.
"तुमचं कुठलं, ते उघडल्यावर कळेल."

मग मी तिला धरणाचं सांगितलं.
आमचं धरण मातीचं. माती पाणी धरते, बाई,
पण डाव्या कालव्याचं पाणी भिंतीतून जिथं बाहेर पडतं
तिथं चौकीदार आषाढभर टॉर्च मारत बसतो.
भीती तिथलीच, जिथं आपण भोक ठेवलं.
ती काही बोलली नाही.
चित्रातल्या कड्याभोवती पेन मात्र दोनदा फिरवलं.

सिव्हिलच्या टेबलावर कमरेखालचा मी परका.
हिरव्या पडद्यापलीकडं कुणाचं तरी पोट,
कात्रीचा आवाज, कुणीतरी डब्यात काय आणलं ते विचारतंय.
"जाळी दाखवा," मी म्हणालो.
भूल देणारा वैतागला. तिनं चिमट्यात धरून वर केली:
पांढरी, हातरुमालाच्या निम्मी.
गाठ कुठंच नाही. घरं बारीक, तांदूळ अडकेल इतकी.
"यात काय धरणार?"
"तुम्हालाच. या घरांतून तुमचं मांस वाढेल.
वर्षभरानं जाळी कुठली नि तुम्ही कुठले, मलाही सांगता यायचं नाही."
"भोक केवढं निघालं?"
"अंगठ्याएवढं."
"मग जाळी एवढी कशाला?"
"भोकाएवढं ठिगळ काठाला फाटतं, काका.
धडक्या मांसावर दोन बोटं पुढं जावं लागतं."

आता तीन महिने ओझं बंद.
काठावर बसून दशरथची जाळी शिवतो.
भोकाच्या पुढं, धडक्या जाळ्यात दोन बोटं जातो.
दोरा दुप्पट लागतो, म्हणून तो कुरकुरतो.
खोकून बघतो अधूनमधून, उगाच, बोट लावून.
काही येत नाही.

फक्त डाव्या मांडीत, आतल्या अंगाला,
तळहाताएवढी जागा बधिर राहिलीय.
काल जाळ्याची सुई तिथं रुतली
आणि धोतरावर लाल दिसलं तेव्हा कळलं.
हे मात्र अजून घरी बोललो नाही.